चेक इंजिन लाईट अन् पी०१७१ ‘सिस्टम टू लीन’: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल लागला की हेच प्रश्न सुरू होतात, मेमधे वाढतात, अन् पहिल्या पावसानंतर उंदरांची भर पडते. म्हणून एका जागी लिहून ठेवतो. पेट्रोल गाडी धरून लिहिलंय, सीएनजीवाल्यांसाठी खाली वेगळं आहे.

चेक इंजिन लाईट पेटली, स्कॅनर लावला तर पी०१७१ हा दोषाचा कोड आला. मिस्त्री म्हणते ऑक्सिजन सेन्सर गेला, नवीन टाकू. टाकू का भाऊ?

थांबा जरा. पी०१७१ कोणत्याच पार्टचं नाव सांगत नाही. तो एवढंच सांगते की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बऱ्याच वेळापासून पेट्रोल वाढवून राहिला अन् तरी सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसमधे ऑक्सिजन जास्तच दिसून राहिला. आता ऑक्सिजन जास्त आहे हे सांगणारा तो बिचारा सेन्सर, म्हणून पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच. सेन्सर किंवा त्याची वायर खरंच खराब झाली असली तर बहुतेक वेळा सोबत त्याचा स्वतःचा कोड येतो, पी०१३१ सारखा. नुसता पी०१७१ असला तर सेन्सर बहुतेक खरंच बोलून राहिला. सेन्सर काही हजारांचा असते अन् ज्याच्यामुळे कोड आला तो पाईप कधी कधी शे-दोनशेचा निघते. माझं म्हणणं एकच आहे अन् खाली प्रत्येक उत्तरात तेच दिसेल, फ्युएल ट्रिमचे आकडे पाहिल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

लीन म्हणजे नेमकं काय? ट्रिम म्हणजे काय?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याच्यापेक्षा जास्त झाली किंवा पेट्रोल कमी पडलं की मिक्श्चर लीन. समोरचा ऑक्सिजन सेन्सर साध्या टाईपचा असला तर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मधात सारखं वरखाली होत राहते, ०.४५ च्या खाली म्हणजे लीन, वर म्हणजे रिच. तो खालीच बसून राहिला की ईसीयू इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडे ठेवते. ही जी वाढघट आहे तीच ट्रिम, टक्क्यात. शॉर्ट ट्रिम त्या क्षणाची, लाँग ट्रिम शिकून ठेवलेली. दोन्हीची बेरीज अधिक-उणे ५ च्या आत असली तर गाडी मस्त, १० पर्यंत चालून जाते, अन् अधिक २० ते २५ च्या आसपास गेली की ईसीयू हात वर करते अन् पिवळी लाईट पेटवते. नेमका आकडा कंपनी-कंपनीत बदलतो.

माझ्या गाडीत पी०१७४ नाही, फक्त पी०१७१ आला. काही राहून गेलं का?

नाही. पी०१७४ दुसऱ्या बँकेचा (सिलिंडरच्या दुसऱ्या रांगेचा), म्हणजे व्ही टाईप इंजिनचा. आपल्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत सहसा एकच बँक असते. पण पी२१८७ किंवा पी२१७७ दिसला तर खूश व्हा, कारण पहिला म्हणते आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) लीन, दुसरा म्हणते आयडल सोडून वर गेल्यावर लीन. अर्धं काम तिथंच झालं.

आकडे पाहायला सर्व्हिस सेंटरलाच जावं लागते का?

नाही हो. भारतात एप्रिल २०१३ पासून नवीन गाड्यांना ओबीडी-२ (गाडीचे दोष वाचायची ठरलेली सोय) आलं, म्हणजे त्याच्यानंतरची गाडी असली तर स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ सोळा पिनचं सॉकेट असतेच. ऑनलाईन छोटा ब्लूटूथ अडॅप्टर घ्या, मोबाईलमधे कोणतंही ओबीडी अ‍ॅप टाका, झालं. स्वस्तातले काही अडॅप्टर काही गाड्यांशी बोलतच नाहीत, म्हणून परत करता येईल असाच घ्या.

अन् एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, कोड क्लिअर करायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन गरम होतं का थंड, लोड किती, ट्रिम किती, हे सगळं ईसीयूने लिहून ठेवलेलं असते अन् क्लिअर दाबलं की ते पण उडते. बरेच मिस्त्री स्कॅनर लावल्या लावल्या आधी क्लिअर मारतात, “पाहू परत येते का” म्हणून. परत येते. फक्त तोवर सगळ्यात कामाचा पुरावा गेलेला असते.

आकडे तर दिसले. आता त्याचा अर्थ काय लावू?

हा खरा प्रश्न. गाडी पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद करा, न्यूट्रलमधे आयडलवर मिनिटभर ट्रिम पाहा. मग रेस देऊन २५०० आरपीएमवर तेवढाच वेळ धरा अन् परत पाहा. मग कोणाला तरी सोबत बसवून रस्त्यावर चढावर किंवा जोरात पळवताना पाहा, ड्रायव्हरने मोबाईल पाहू नये.

आयडलवर अधिक २२ अन् २५०० वर अधिक ६, असं काही दिसलं तर कुठून तरी चोरून हवा घुसून राहिली. कारण सोपं आहे. समजा आयडलवर इंजिन सेकंदाला अडीच ग्रॅम हवा घेते अन् फाटक्या पाईपातून अर्धा ग्रॅम जास्तीची येऊन राहिली, म्हणजे वीस टक्के फरक पडला. २५०० वर इंजिनच दहा ग्रॅम घेते, तिथं तोच अर्धा ग्रॅम पाच टक्के झाला. वाटीभर वरणात पळीभर पाणी ओतलं तर लगेच कळते, गंजभर वरणात कळतही नाही, तसं. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर मॅनिफोल्डमधे (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) ओढच राहत नाही, म्हणून लीकही जवळपास गायब.

उलटं दिसलं, म्हणजे आयडलवर अधिक ४, २५०० वर १२ अन् वर्धा रोडवर पळवताना २०, तर पेट्रोल पुरून नाही राहिलं. पंप, फिल्टर, इंजेक्टर, नाहीतर आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर (एमएएफ) घाण झाला अन् जास्त हवेला कमी हवा सांगून राहिला.

अन् सगळीकडे सारखंच अधिक १८-२० असलं तर जरा डोकं लावा. एअर फ्लो सेन्सर असू शकते, पेट्रोलचं प्रेशर कायमच कमी असू शकते, किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जॉईंटला भेग पडली असेल अन् तिथून बाहेरची हवा आत ओढल्या जाऊन सेन्सरला उगाच ऑक्सिजन दिसत असेल. हे शेवटचं लोक विसरतात. थंड गाडी चालू केल्यावर पहिला मिनिटभर पुढून टिकटिक आवाज येते अन् गरम झाल्यावर बंद होते, असं असलं तर तिथंच पाहा, भेगेजवळ काळी काजळी पण दिसते.

हवा घेऊन राहिली हे तर कळलं. पण कुठून?

आधी कान लावा. इंजिन चालू ठेवून बॉनटखाली फुसफुस ऐका. मग डोळे, अन् मग बोटं, बोटं मात्र इंजिन बंद करून. बोटं जास्त महत्त्वाची आहेत कारण रबर वरून चांगलंच दिसते. मनीषनगरमधल्या एका शेजाऱ्याच्या गाडीत पीसीव्हीचा (इंजिनातली तेलकट वाफ परत आत नेणारा) पाईप वरून एकदम काळा कुळकुळीत, नवा वाटेल असा होता, खालच्या बाजूला जिथं तो वळते तिथं बोटाने जरा दाबला तर वळणावर चिरेने तोंड उघडलं, अन् चिरेच्या भोवती तेलात भिजलेल्या धुळीचा ओला काळा डाग. धूळ सगळीकडे कोरडी असते, जिथं ओली दिसते तिथं थांबा.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. पीसीव्ही वॉल्व्ह अन् त्याचा पाईप, ब्रेक बूस्टरला (ब्रेक पेडलला जोर देणाऱ्या डब्याला) जाणारा जाड पाईप, मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग, इंजेक्टरच्या ओ-रिंग, अन् एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा तो घड्या-घड्यांचा पाईप. घड्या ताणून पाहा, चीर घडीच्या आतच लपते. ऑईलचं झाकण अन् डिपस्टिक नीट बसली का तेही पाहा, हसू नका, एअर फ्लो सेन्सरवाल्या गाडीत तिथून आत जाणारी हवा पण बिनहिशोबीच असते. ब्रेक दाबल्यावर आयडल बदलत असला किंवा पेडल कडक लागत असलं तर बूस्टरचा पाईप किंवा बूस्टरच, अन् हे ट्रिमचं नाही ब्रेकचं काम आहे, आजच करा.

पर्ज वॉल्व्ह राहिलाच. टाकीची वाफ इंजिनात सोडणारा छोटा वॉल्व्ह असते, तो उघडा अडकला की आयडलवर हवा येत राहते. थंड इंजिन आयडलवर असताना कॅनिस्टरकडून (टाकीची वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारा पाईप वॉल्व्हवरून काढा अन् तिथं बोट ठेवा. ओढ लागली नाही पाहिजे. लागली तर वॉल्व्ह गेला. पेट्रोल भरून निघाल्यावर गाडी स्टार्टिंगला त्रास देत असली तर हा शक अजून पक्का.

यूट्यूबवर कार्ब क्लीनर मारून लीक शोधतात. करू का?

पद्धत चालते, जिथं लीक तिथं फवारा आत ओढल्या जाते अन् आरपीएम बदलते. पण तो स्प्रे पेट घेते अन् बाजूला एक्झॉस्ट तापलेला असते. नागपूरच्या मेमधे बंद पार्किंगमधे हे करू नका. घरच्या घरी करायचंच असलं तर झाडांना पाणी मारायच्या बाटलीने बारीक पाणी मारा, वायरिंग-कनेक्टर सोडून. पाण्याने चीर क्षणभर बुजते अन् आयडल सुधारल्यासारखा वाटते. सगळ्यात चांगली स्मोक टेस्ट. मशीनने इनटेकमधे धूर भरतात अन् जिथून धूर निघाला तिथं लीक, वाद संपला. गॅरेज निवडताना “स्मोक मशीन आहे का” हा पहिला प्रश्न विचारा.

माझ्या गाडीत एअर फ्लो सेन्सरच नाही म्हणते मिस्त्री. मग?

बरोबर म्हणते. मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हवा मोजायला एमएएफ नाही, मॅप सेन्सर असते, तो मॅनिफोल्डचं प्रेशर पाहून हवेचा अंदाज लावते. अशा गाडीत छोटा लीक झाला तर प्रेशर वाढते, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल पण वाढवते, म्हणून ट्रिम फार बिघडत नाही, उलट आयडलच चढलेला राहते. म्हणून मॅपवाल्या गाडीत पी०१७१ आला तर मी आधी पेट्रोलच्या बाजूने पाहतो, पंपाचं प्रेशर अन् इंजेक्टर, मग एक्झॉस्टची भेग. यूट्यूबवरचे व्हिडिओ बहुतेक एमएएफवाल्या मोठ्या गाड्यांचे असतात अन् इथं लोक तेच वाचून आठ-आठ दिवस व्हॅक्यूम लीक शोधत बसतात.

एमएएफ असलाच तर तो साफ करायला फक्त एमएएफ क्लीनरच वापरा. ब्रेक क्लीनर, कार्ब क्लीनर, कापूस, बोट, काही नाही. तेल लावलेला धुता येणारा एअर फिल्टर बसवला असेल तर त्याचंच तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसते.

शहरात काही त्रास नाही, समृद्धीवर चढलो की तासाभरात लाईट येते अन् पिकअप जाते. काऊन?

सीताबर्डीच्या ट्रॅफिकमधे पंपाला काम काय? शिवमडक्यावरून समृद्धीवर लागलं की सतत १२० वर गाडी, एसी फुल, चार माणसं अन् सामान. तिथं पंप दमला असेल तर उघडा पडते. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत प्रेशर साधारण ३ ते ४ बार असते, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. गेज लावून आयडलवर मोजून “ठीक आहे” म्हणणारा मिस्त्री अर्धवट काम करून राहिला, लोडवर मोजलं पाहिजे. बऱ्याच नव्या गाड्यांत फिल्टर टाकीतच पंपासोबत असते, वेगळा बदलता येत नाही, म्हणून लोक त्याला विसरूनच जातात.

अन् कायम रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय सोडा राजेहो. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहते. बाहेर ४५ डिग्री, टाकीत दोन लिटर, अन् तेही खालचा गाळ ढवळून.

उन्हाळ्यातच का येते हा कोड?

उन्हाळ्याने कोड येत नाही, जुनं रबर उन्हाळ्यात हार मानते. नवतपात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं बॉनट उघडून पाहा, पाईपाला हात लागत नाही. वर्षानुवर्षं असं तापून रबर कडक होते, प्लास्टिकच्या टी अन् एल्बो कुरकुरीत होतात, मिस्त्रीने दुसऱ्याच कामासाठी जरा बाजूला सारलं की कट्ट. सिमेंट रोडची धूळ अन् कोराडी-खापरखेड्याकडची राख हे एमएएफवाल्यांसाठी वेगळं. पावसाळ्यात उंदीर. गाडी चार-आठ दिवस एका जागी उभी असली अन् लगेच कोड आला तर आधी कुरतडलेला पाईप अन् वायर शोधा.

सगळे म्हणतात ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे होते. खरं आहे का?

अर्धं. आपल्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी इथेनॉलचे मोठे पुरस्कर्ते, म्हणून हा विषय इथं पानठेल्यावर पण रंगते. हिशोब असा आहे की इथेनॉलमधे स्वतःचाच ऑक्सिजन असते, वजनाने साधारण ३५ टक्के, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते, एका किलोला नऊच किलो. ई२० ला साधारण साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागते अन् ट्रिम वर सरकते. ई१० वरून ई२० वर आलात तर तीन-चार टक्के. तेवढ्याने चांगल्या गाडीत कोड पडत नाही. पण तुमची गाडी आधीच अधिक १८ वर गुपचूप चालली होती, तिला या तीन-चार टक्क्यांनी रेषेच्या पलीकडे ढकललं. दोष पेट्रोलचा दिसते, मुळात फाटका पाईप आधीपासूनच होता. हां, जुन्या गाडीत रबर ई२० साठी बनलेलं नसेल तर ते लवकर खराब होऊ शकते, हे खरं. इथेनॉल पाणी पण ओढते, म्हणून महिनोन्महिने उभी गाडी अन् अर्धी टाकी हे चांगलं कॉम्बिनेशन नाही.

बाहेरून सीएनजी किट लावली आहे. पेट्रोलवर लाईट येते, सीएनजीवर नाही (कधी उलटं).

इथं मॅनिफोल्डला ड्रिलने भोकं पाडून जे नोझल बसवतात ते आधी पाहा. काही वर्षांनी व्हायब्रेशनने ते ढिले होतात अन् तिथूनच हवा येते, हाताने हलवून पाहिलं तरी कळते. सीएनजीचं गणित वेगळं, एका किलोला साधारण १७ किलो हवा लागते, अन् किटचा स्वतंत्र ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्टरची वेळ पाहून गॅस सोडते. मॅपिंग नीट झालं नसलं तर सीएनजीवर चालताना पेट्रोलचा ईसीयू चुकीचीच ट्रिम शिकून बसते अन् पेट्रोलवर टाकलं की गोंधळ. म्हणून दोन्ही इंधनांवर वेगवेगळे ट्रिम लिहून घ्या, मगच किटवाल्याकडे जा, नाहीतर तो म्हणेल पेट्रोलचा प्रॉब्लेम अन् पेट्रोलवाला म्हणेल किटचा. अन् वर्षभर सीएनजीवरच चालवली असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर जाम झालेले असू शकतात, ते वेगळंच.

सर्व्हिसिंग करून आणली अन् दुसऱ्याच दिवशी लाईट. फसवलं का?

फसवलं असं नाही, घाई. एअर फिल्टर बदलताना डब्याची क्लिप लागली नाही, थ्रॉटल साफ करून पाईपाचा क्लॅम्प तिरका बसला, छोटा व्हॅक्यूम पाईप लावायचा राहिला. ज्या ज्या जागी हात लागला त्याच जागा आधी पाहा. अन् फिल्टर चोक झाल्याने लीन होते हा गैरसमज आहे, चोक फिल्टरने हवा कमी येते, सेन्सर ती मोजते अन् पेट्रोल पण तेवढंच कमी सुटते.

लाईट आहे तरी गाडी चालवू का?

लाईट स्थिर असली अन् गाडी मिसिंग करत नसली तर आरामात गॅरेजपर्यंत न्या, ओव्हरलोड अन् हायवे टाळा. लाईट लपलप करत असली म्हणजे जोरात मिसफायर, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन जळते अन् तो महागडा पार्ट बसते, बाजूला लावा अन् टोचन करून न्या. लोडवर लीन चालत राहिलं की ज्वलन तापते, नॉकिंग होते, वॉल्व्ह जळू शकते. चढावर टकटक आवाज येत असला तर दुर्लक्ष करू नका.

पीयूसीत फेल होईल का?

आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साईड) उलट कमीच दिसू शकते. मिसिंग असली तर एचसी (न जळलेलं इंधन) वाढते. म्हणून पीयूसी पास झाली म्हणजे गाडी ठीक, असं नाही.

काम झालं हे कसं कळेल? लाईट तर बॅटरीची वायर काढली तरी जाते.

जाते, अन् ट्रिम शून्यावर येऊन काही चक्करमधे परत चढते, लाईट बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन ड्राईव्हमधे दोष दिसल्यावरच लागते, म्हणून मधले एक-दोन दिवस सगळे खूश असतात. दुरुस्तीनंतर कोड क्लिअर करा, दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवा, मग गरम इंजिनवर आयडल अन् २५०० चे आकडे परत पाहा. लाँग ट्रिम एका आकड्यात आली असली तर मिस्त्रीचे पैसे देऊन टाका. अजून अधिक १५ असली तर लाईट नसली तरी काम झालेलं नाही, स्क्रीनशॉट दाखवा अन् गाडी परत लावा.

डिझेलला हे सगळं लागू आहे का?

नाही. डिझेल इंजिन चालतेच जास्त हवेवर, तिथं टर्बोचा पाईप अन् ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) वेगळे विषय आहेत.